कला-साहित्याचं शब्दकोडं: नेहमी येणारे प्रश्न (आणि शब्द कुठून आले त्याच्या भानगडी)

दर रविवारी सकाळी मी एक मराठी शब्दकोडं पाठवते. आधी फक्त घरचे आणि सोसायटीतल्या चार काकू होत्या, आता ओळखीच्या ओळखीतले बरेच जण सोडवतात. महिन्यातून एकदा कला-साहित्य स्पेशल असतं आणि त्या दिवशी फोन नुसता वाजत असतो. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलंय. मधेमधे जुन्या कोड्यांची उत्तरं फुटतील, ज्यांची ती सोडवायची राहिलीत त्यांनी जपून वाचा.

एका घरात नक्की किती लिहायचं?

एक अक्षर. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार सगळं त्याच घरात, आणि जोडाक्षर पण एकाच घरात. म्हणजे कादंबरी चार घरं (का-दं-ब-री), ग्रंथ दोन, नेपथ्य तीन. सगळे अडकतात ते वाङ्मय ला. वा-ङ्म-य, तीन घरं. फोनवर ङ सापडत नाही म्हणून अर्धे लोक "वाड्मय" लिहून पाठवतात, ते मी बरोबर धरते कारण मलाही तो ङ कीबोर्डवर शोधायला दर वेळी अर्धा मिनिट लागतो, पण ते "ड" नाहीये एवढं लक्षात ठेवा. वाक् + मय, म्हणजे वाणीने भरलेलं. क् चा ङ् झालाय, ड कुठून येणार.

ह्रस्व-दीर्घ बघता का? आडव्यात "वि" आणि उभ्यात "वी" आलं तर?

बघते. आणि ह्याच्यामुळेच रात्री अकरा वाजता ग्राफपेपर खोडून खोडून फाटतो. परवाचंच सांगते, आडवा शब्द "कविता" बसवला, त्याच्या मधल्या घरातून उभा "कवी" खाली उतरत होता, सगळा कोपरा जमून आला होता, आणि मग दिसलं की कवितेतली वि पहिली आणि कवीतली वी दुसरी. गेला कोपरा. जुन्या पुस्तकांत "कवि" असंच छापलेलं सापडतं, तेव्हाच्या कोडी करणाऱ्यांची मजा होती. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले (तेव्हा चौदा होते, १९७२ ला आणखी चार वाढवले) आणि शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार दीर्घ लिहायचे हे पक्कं झालं. पण समासात मात्र कविराज, कविसंमेलन, तिथे पहिलीच. म्हणजे तोच कवी एकटा असला की दीर्घ आणि कुणाबरोबर असला की ह्रस्व. काय बोलणार.

उलटसुलट सारखं वाचता येणारं "चिमा काय कामाची" लहानपणी सगळ्यांनी म्हटलंय ना? अक्षरं मोजून बघा. चि पहिली, ची दुसरी. कडक नियम लावला तर ते फेल. "रामाला भाला मारा" मात्र चोख बसतं.

परदेशात वाढलेल्या मुलांना मी ह्यात सूट देते. शिकागोत बसून मराठी कोडं सोडवणाऱ्या पोराला वेलांटीवरून छळायचं नसतं.

तुमच्या क्लूमध्ये सारखं "हा शब्द आधी काय काम करायचा" असं का असतं? सरळ अर्थ द्या ना.

सरळ अर्थ दिला की तो पाठांतराचा खेळ होतो. "काव्यप्रकार, दोन घरं" ओवी. "काव्यप्रकार, तीन घरं" अभंग. दहा कोडी सोडवली की हात आपोआप लिहितो, डोकं झोपलेलं असतं. माझं म्हणणं असं की साहित्याचे शब्द आभाळातून पडलेले नाहीत, ते आधी कुठेतरी पोटापाण्याचं काम करत होते. कुणी शेतात, कुणी सुताराकडे, कुणी स्वयंपाकघरात. त्या जागी शोधलं की उत्तर सापडतं, आणि एकदा असं सापडलेलं विसरत नाही.

आता "क्लू" हाच शब्द घ्या. इंग्रजीत तो आधी सुताचा गुंडा होता, खरंच, लोकरीचा वगैरे गोळा. ग्रीक गोष्टीत थीसियस क्रीटच्या भुलभुलैयात त्या बैलतोंड्या राक्षसाला मारायला जातो तेव्हा अरियाडने त्याला दोऱ्याचा गुंडा देते, एक टोक दाराला बांधायचं आणि परत येताना दोरा धरून बाहेर यायचं. त्यावरून जे धरून वाट सापडते ते क्लू. आणि आपल्याकडे पेपरात काय येतं? "पोलिसांच्या हाती महत्त्वाचे धागेदोरे लागले." तोच दोरा! कुणी कुणाचं बघून केलं का ते माहीत नाही, पण दोऱ्याने वाट सापडते हे दोघांनाही पटलं.

आणि एकदा दोरा धरला की तो संपतच नाही. ग्रंथ म्हणजे मुळात बांधलेलं, ओवलेलं. ताडपत्रांना भोक पाडून त्यातून दोरी घालून गाठ मारायची, त्याचा ग्रंथ. आपली साधी गाठ पण त्याच घरातली, संस्कृत ग्रंथि वरून आलेली. (म्हणून डॉक्टर ज्याला ग्रंथी म्हणतात आणि लायब्ररीत जो ग्रंथ असतो ते चुलत भाऊ आहेत.) निबंध आणि प्रबंध, दोन्हीकडे बांधणं आहे. सूत्र तर उघड दोराच. ओवी ही ओवणे वरून आली असं बहुतेक जण मानतात, फुलं ओवावीत तसे शब्द. ओवी किती जुनी म्हणाल तर ११२९ च्या मानसोल्लास ह्या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात असा उल्लेख आहे, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या दीडशेहून जास्त वर्षं आधी उखळ-मुसळाच्या ठेक्यावर ओवी चालू होती.

इंग्रजीतही तेच, टेक्स्ट आणि टेक्स्टाइल दोन्ही विणण्याच्या लॅटिन शब्दातून आलेत, आणि रॅप्सडी म्हणजे ग्रीकमध्ये शिवलेली गाणी. आमच्या आईला हे सांगितलं तर ती मटार सोलत होती, म्हणाली म्हणजे सगळे शिंपीच की. बरोबर आहे.

माझा सगळ्यात लाडका क्लू मात्र हा होता: "रंधा मारणारा नाटकात आला तर, चार घरं." कुणालाच आला नाही. उत्तर सूत्रधार. सुतार हा शब्द सूत्रधार वरूनच झिजून झालाय. रंगात बुडवलेला दोरा ताणून लाकडावर रेघ पाडतात ना, तो दोरा धरणारा. नाटकातला सूत्रधार कळसूत्री बाहुल्यांच्या दोऱ्या हलवणाऱ्यावरून आला असंही सांगतात, आणि मोजमापाचा दोरा धरून मांडव उभा करणाऱ्यावरून आला असंही. कुठलंही धरा, हातात दोरा आहेच.

पुस्तकांच्या भागांना झाडाझुडपांची नावं का?

हा प्रश्न विचारणाऱ्या काकांना मी चहा पाजला होता, इतका चांगला प्रश्न आहे. रामायणाची सात कांडं, महाभारताची अठरा पर्वं, भागवताचे बारा स्कंध. कांड म्हणजे बांबूचा दोन गाठींमधला तुकडा, पर्व म्हणजे ती गाठ किंवा उसाचं पेर, स्कंध म्हणजे झाडाचं खोड जिथून फांद्या फुटतात ती जागा. वेदाच्या शाखा. पोथीचं पान. हे पान तर खरोखरीचंच पान होतं, ताडाचं. कागद आल्यावर झाड गेलं आणि नाव राहिलं.

मग लावणी. भाताची लावणी आणि ढोलकीवरची लावणी एकच का, ह्यावर लोक भांडतात. कुणी लावणे क्रियापदावरून म्हणतं, म्हणजे शब्द एकापुढे एक लावत जायचे, रोपं लावतात तसे. कुणी लावण्य वरून म्हणतं. मला पहिलं जास्त पटतं, कारण दुसरं फार गोड आहे आणि गोड व्युत्पत्त्यांवर माझा विश्वास नाही. क्लू मात्र दोन्हीकडून चालतो: "गुडघाभर चिखलात किंवा फडात." आणि हा फड पण बघा, उसाचा फड, तमाशाचा फड, कुस्तीचा फड, साहित्यिकांचा गप्पांचा फड. दोन घरांत एवढी गर्दी.

इंग्रजी कवितेच्या ओळीला व्हर्स म्हणतात ते लॅटिनमधल्या वळण्यावरून, नांगर शेताच्या टोकाला जाऊन वळतो आणि परत नवीन सरी धरतो तसं. म्हणजे तिकडेही कवी शेतातूनच आला.

कलम तर असा शब्द आहे की कोडं करणाऱ्याने त्याची पूजा करावी. "वकिलाचं, माळ्याचं आणि लेखकाचं, तीन घरं." कायद्याचं कलम, हापूसचं कलम, लिहायचं कलम. ग्रीक कालामोस म्हणजे बोरू, वेत. तिथून अरबीत कलम, तिथून फारसी, तिथून आपण. बोरू तिरका कापून टोक काढतात तशीच झाडाची फांदी तिरकी कापून बांधतात, म्हणून कापण्याच्या सगळ्या कामांना हा शब्द चिकटला. लॅटिनमध्ये त्याच शब्दापासून दौतीचं नाव तयार झालं आणि त्यावरून पुढे इटालियन लोकांनी शाई सोडणाऱ्या माकुलाला कॅलमारी म्हटलं. हॉटेलात कॅलमारी मागवाल तेव्हा तुम्ही कलमदान मागवताय.

नॉव्हेलला कादंबरी का म्हणतात? हिंदीत तर उपन्यास आहे.

कारण बाणभट्ट. सातव्या शतकात हर्षाच्या दरबारात हा कवी होता, त्याने कादंबरी नावाच्या नायिकेची लांबच लांब गद्य कथा लिहायला घेतली, पुरी होण्याआधी तो गेला, मग मुलाने पूर्ण केली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी नॉव्हेल आपल्याकडे आली तेव्हा लांब गद्य गोष्टीला आपल्याकडे काय आहे असं शोधताना हे नाव हाताशी होतं. म्हणजे एका पुस्तकाचं, खरं तर एका मुलीचं नाव पुढे सगळ्या जातीचं नाव झालं. जशी प्रत्येक फोटोकॉपी ही "झेरॉक्स" आणि वनस्पती तुपाचा प्रत्येक डबा "डालडा". मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजींच्या यमुनापर्यटन चं नाव घेतात, १८५७.

कन्नडमध्येही कादंबरीच म्हणतात. गुजरातीत नवलकथा, ती मला फार हुशारीची वाटते, नॉव्हेलचा आवाज पण आला आणि नवल पण आलं. आणि उपन्यास हा शब्द तेलुगू-कन्नडमध्ये भाषणासाठी वापरतात, त्यामुळे हैदराबादला उपन्यासाला जायचं आमंत्रण आलं तर पुस्तक घेऊन जाऊ नका.

संस्कृतात कादंबरीचा आणखी एक अर्थ मद्य असाही आहे. तो क्लू मी अजून वापरलेला नाही, सोसायटीतल्या काकूंचा विचार करून.

साहित्य म्हणजे लिटरेचर की सामान?

दोन्ही. रेसिपीत वर "साहित्य" आणि खाली "कृती" असते ना, तेच. सहित म्हणजे बरोबर असलेलं. भामह ह्या जुन्या संस्कृत काव्यशास्त्रकाराने काव्याची व्याख्या करताना शब्द आणि अर्थ दोघं सहित असले की काव्य, असं म्हटलं आणि तिथून हा शब्द साहित्यशास्त्रात रुळला. रवा, साखर, तूप एकत्र आले तरी साहित्यच. आपल्या साहित्य संमेलनाची सुरुवात १८७८ ला पुण्यात झाली, न्यायमूर्ती रानडे अध्यक्ष होते, तेव्हा त्याला ग्रंथकारांचं संमेलन म्हणायचे. परत तीच गाठ.

"खबरीची पहिली दोन उलटी केली तर इतिहास" हा क्लू अन्यायकारक होता.

नव्हता! तो मी आजवर केलेला सगळ्यात प्रामाणिक क्लू आहे. ख-ब-र, पहिली दोन अक्षरं आलटून पालटून ब-ख-र. आणि बखर हा शब्द अरबी खबर वरूनच असाच अक्षरं उलटून झाला असं बरेच अभ्यासक मानतात, म्हणजे क्लू सोडवायची रीत आणि शब्दाची जन्मकथा एकच. असं वर्षातून एकदा जमतं. आपण बोलतानाही असं करतोच, चिकूचा किचू करतात लहान मुलं तसं. कृष्णाजी अनंत सभासदाची शिवाजी महाराजांवरची बखर १६९७ च्या सुमाराची, राजाराम महाराज जिंजीला असताना लिहिलेली. ती "खबर" म्हणूनच वाचून बघा, माहिती कळवा म्हटल्यावर लिहिलेली वाटते.

ह्याला दुसरं मत आहे, बखरीच्या शेवटी येणाऱ्या "बखैर" अशा फारसी धाटणीच्या समाप्तीवरून नाव पडलं असं. असू दे. माझ्या घरांत खबर बसते.

तमाशातले शब्द मराठी का नाहीत? शाहीर पण परका?

परका कसला, दोनतीनशे वर्षं इथेच राहतोय. अरबीत शाइर म्हणजे कवी. आपल्या तोंडात दोन स्वर लागून आले की मधे काहीतरी घातल्याशिवाय बरं वाटत नाही म्हणून एक ह आला, शाहीर. गझलेतला शेर पण त्याच घरातला. "चार पावशेरांचा किंवा गझलेतला, दोन घरं" हा क्लू आठवतोय का? तिथे मात्र मुळं वेगळी आहेत, वजनाचा शेर आणि कवितेचा शेर फक्त दिसायला सारखे. उत्तर एक, शब्द दोन. असे क्लू मला आवडतात पण व्युत्पत्तीचा पुरावा म्हणून कुणी वापरू नका.

तमाशाचं मूळ अरबी, चालण्याच्या धातूवरून, म्हणजे मिळून फिरायला जाणं. फारसीत त्याचा अर्थ झाला बघणं, देखावा. आणि ग्रीकमध्ये थिएटर म्हणजे काय, तर बघायची जागा. आपल्याकडचे काही नाकं मुरडणारे लोक "आम्ही तमाशाला नाही, थिएटरला जातो" म्हणतात त्यांना हे सांगायला मला फार आवडतं. गण, गौळण, बतावणी, वग हा क्रम पाठ करून ठेवा, माझ्या कोड्यात ह्यातलं एक तरी येतंच, दोन घरांत गण आणि वग सारखे उपयोगी शब्द दुसरे नाहीत.

फटका सुद्धा ह्याच गोतावळ्यातला. "बॅटने मारतात, अनंत फंदी लिहितात." ऐकणाऱ्याला चार शब्द सुनावणारी कविता ती फटका, नावातच सगळं आलं.

नाटकातल्या शब्दांचे अर्थ बदललेत का?

खूप. नेपथ्य घ्या. संस्कृत नाटकात "नेपथ्ये" असं लिहिलेलं असतं म्हणजे पडद्यामागून आवाज येतोय, जिथे नट कपडे करतात ती जागा. नेपथ्य म्हणजे वेशभूषा असाही अर्थ होता. आज आपण नेपथ्य म्हणतो ते दिवाणखान्याचा सेट, सोफा, जिना, खिडकीतला खोटा चंद्र. म्हणजे जे पडद्याच्या मागे होतं ते पुढे आलं. पात्र म्हणजे भांडं, नदीचं पात्र, आणि नाटकातलं माणूस, ज्यात भूमिका ओततात. भूमिका म्हणजे उभं राहायची जागा, जमीन. "पक्षाची भूमिका स्पष्ट आहे" म्हणतात तेव्हा पण पाय कुठे टेकलेत तेच विचारायचं असतं, आणि बहुतेक वेळा ती नाटकातलीच असते.

अंक हा चार अर्थांचा आहे: गणितात, नाटकात, दिवाळीत आणि संस्कृतात आईच्या मांडीवर. दिवाळी अंकाची प्रथा मनोरंजन मासिकाने १९०९ ला सुरू केली. मराठी रंगभूमी दिन ५ नोव्हेंबरला असतो तो विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सांगलीत केलेल्या सीतास्वयंवरामुळे, ह्यावरचा क्लू दर नोव्हेंबरात येणार, आत्ताच सांगून ठेवते.

दिग्दर्शक, बोलपट हे मात्र जुने नाहीत, सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून आलेले आहेत.

रस आठ की नऊ?

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ. शांत नंतर आला आणि नवरस झाले. क्लूमध्ये "भरताचे" लिहिलं असेल तर आठ, "नव" लिहिलं असेल तर अर्थातच नऊ. आणि हा शब्द उलटा केला की पावसाची सर, ते लक्षात असू द्या.

"शाई लाल असू शकत नाही" असं तुम्ही म्हणालात ते कसं?

मी म्हणाले की नाव ज्याने ठेवलं त्याला तसं वाटलं असतं. फारसीत सियाह म्हणजे काळं, सियाही म्हणजे काळेपणा, तिची झाली शाई. म्हणजे मास्तर लाल शाईने गोल काढायचे तेव्हा लाल काळेपणाने काढायचे. दौत, कागद हे पण तिकडूनच आलेले. दौलताबादजवळ कागजीपुरा म्हणून गावच आहे हातकागदाचं. पुस्तक हा शब्द मात्र आपल्याला अस्सल संस्कृत वाटतो, पण बरेच अभ्यासक त्याला जुन्या इराणी भाषेतल्या पोस्त म्हणजे कातडं ह्याच्याशी जोडतात. त्या कोड्यानंतर दोन जण रागावले होते.

कला ह्या शब्दावर चंद्राचा क्लू कसा?

कला म्हणजे मुळात छोटा भाग, चंद्राचा सोळावा हिस्सा. "त्याच्या सोळा, आपल्या चौसष्ट, दोन घरं."

शब्दकोडं कुणी शोधलं?

आर्थर विन नावाच्या माणसाने. लिव्हरपूलचा, अमेरिकेत गेलेला, न्यूयॉर्क वर्ल्ड पेपरच्या रविवारच्या पुरवणीसाठी त्याने २१ डिसेंबर १९१३ ला पहिलं कोडं दिलं, पतंगाच्या आकाराचं. (त्याच वर्षी मे महिन्यात फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र मुंबईत लागला होता, संबंध काही नाही पण मला तारखा जोडायला आवडतात.) त्याने नाव ठेवलं होतं वर्ड-क्रॉस, काही आठवड्यांनी छापताना शब्द उलटसुलट झाले आणि क्रॉस-वर्ड झालं, तेच चिकटलं. म्हणजे ह्या खेळाचं नाव बखरीसारखंच उलटापालटीतून आलंय, फक्त इथे चूक जुळाऱ्याची, म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याची! १९२४ ला त्याचं पहिलं पुस्तक निघालं, त्याला पेन्सिल जोडलेली होती, आणि तो वेडेपणा बघून न्यूयॉर्क टाइम्सने खिल्ली उडवली. मग त्यांनीच १९४२ मध्ये स्वतःचं कोडं सुरू केलं. लंडनच्या टाइम्सने १९३० ला केलं होतं.

छपाईच्या चुका मला नवीन नाहीत. एका दिवाळी अंकात (नाव नाही सांगत) माझं कोडं छापताना एक काळं घर पांढरं राहिलं, त्यामुळे "गण" आणि "नट" जोडले जाऊन पाच घरांचा एक राक्षस तयार झाला. वाचकांनी तो सोडवायचा इतका प्रयत्न केला की एकांनी "गणराजनट" असं सहा घरांचं उत्तर कोंबून पाठवलं होतं. मी त्यांना बक्षीस द्यायला सांगितलं, दिलं नाही.

कुठली डिक्शनरी बघू?

मोल्सवर्थ. पहिली आवृत्ती १८३१, वाढवलेली दुसरी १८५७, आणि ऑनलाइन फुकट शोधता येते. मराठी शब्दाचा अर्थ इंग्रजीत आहे पण बोलीतले, शेतातले, शिव्यांमधले शब्द असे सापडतात की तासभर कोडं विसरायला होतं. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून निघत गेला, त्यात म्हणी आणि वापराची उदाहरणं भरपूर. मूळ शोधायचं तर कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश, १९४६ चा. बघा, व्युत्पत्ती एकटी दीर्घ आणि कोशात गेली की ह्रस्व, परत तेच.

व्हॉट्सॲपवर एका शब्दाची व्युत्पत्ती आलीय, खरी का?

बहुतेक नाही. माझी साधी चाचणी आहे: गोष्टीत राजा असेल, किंवा शब्दाचं प्रत्येक अक्षर सुटं करून त्याचा अर्थ सांगितला असेल, तर पुढे पाठवू नका.

"माशाचं कालवण नव्हे, गोव्यातलं कोडं" ह्याचं उत्तर काय होतं?

हुमाण. गोव्यात आणि कोकणात कोड्याला हुमाण म्हणतात, आणि हुमण म्हणजे माशाचं कालवण. एका कान्याचा फरक. तीन जणांनी "सुंगटं" (म्हणजे कोळंबी) लिहून पाठवलं होतं, क्लूमध्ये "नव्हे" लिहिलेलं असताना. भूक लागलेली असताना कोडं सोडवू नये.

दोन उत्तरं बसली तर?

दोन्ही बरोबर. चूक माझी. तरी आधी उभा शब्द तपासून घ्या.

मी क्लू करून पाठवला तर घ्याल?

घेईन, आनंदाने. फक्त उत्तरातला शब्द क्लूमध्ये यायला नको आणि कुणाच्या आडनावावर विनोद नको. सगळ्यात चांगला आलेला क्लू रत्नागिरीच्या एका काकांचा, "फणसातला उलटा केला तर भूप, यमन." मी दोन दिवस त्यावर होते. गरे, आठळ्या, चारखंड सगळं उलटं करून झालं, आणि मग आईने शेंगा निवडता निवडता वर न बघता सांगितलं, अगं एकच गरा घे. ग-रा. राग.

पुढच्या कला-साहित्य स्पेशलचा पहिला आडवा शब्द आत्ताच देऊन ठेवते, तीन घरं: "खिरीत घालतात, वहीतही लिहितात." ओळी मोजा.